एकोणीस दिवसांचे बारा महिने

करपरताव्याचा सरकारी चेक वर्षभरच चालतो. आमच्या चेकचं वर्ष भरायला चार दिवस उरले, तेव्हा मी नवऱ्याला, वेंडलला, फोन केला. तो नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात भावाकडे राहायला गेल्यापासूनचा हा माझा तिसरा फोन, आणि तिन्ही या चेकपायीच.

"बँकेत ये. दोन नावांच्या मधे 'आणि' आहे, 'किंवा' नाही. दोघांनी समोर उभं राहून सह्या करायच्या."

"मला नको ते पैसे, लॉर्ना."

"तुला देतंय कोण? ऑपलच्या थडग्यावर दगड बसवायचाय. दीड वर्ष पोरीच्या डोक्याशी नुसती पत्र्याची पट्टी आहे. तीही गंजली."

मग म्हणाला, "शुक्रवारी येतो."

ऑपल आमची मुलगी. एकोणीस दिवस जगली, सगळे हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. पुढं कराच्या फॉर्मवर, मुलामागे मिळणाऱ्या सवलतीसाठी, प्रश्न आला, मूल किती महिने तुमच्यासोबत राहिलं? फॉर्म भरणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, वर्षात जन्मून त्याच वर्षी गेलं तरी नियमानं बारा लिहायचे. त्यांनी बारा लिहिले. वेंडलनं मान खाली घालून सही केली.

गाडीत तो म्हणाला, "एक दिवससुद्धा घरी आली नाही ती."

मी गप्प बसायचं ना. पण माझी मेली जीभ! "एका तरी कागदावर वर्षभर जगू दे की तिला. तुझं काय जातंय?" असं म्हणाले. त्यानंतर आम्ही धड बोललोच नाही. महिन्याभरात तो गेला, आणि मागाहून चेक आला.

शुक्रवारी तो आला. दाढी केलेली, शर्ट चुरगळलेला. खिडकीतल्या मुलीनं दोघांची ओळखपत्रं पाहिली, सह्या घेतल्या आणि विचारलं, "अर्धे अर्धे करायचे का?"

"सगळे तिला द्या," वेंडल म्हणाला.

बाहेर आल्यावर दगडावर काय कोरायचं ती चिठ्ठी मी त्याला दाखवली. बाप आहे, त्यानं बघायला हवी. नाव आणि खाली दोन तारखा. त्यानं खिशातली सुतारी पेन्सिल काढली आणि तारखांवर काट मारली.

"आता काय खोट काढलीस?" मी तडकलेच.

"तारखा दिसल्या की लोक वजाबाकी करतात. बोटांवर मोजतात आणि म्हणतात, एकोणीसच दिवस. त्या फॉर्मवरही मला तेच सहन झालं नाही. बारा काय, एकोणीस काय. तिला मोजू नये कुणी."

आणि मी वर्षभर समजत होते, याला पोरीला बारा महिने द्यायचेही जिवावर आले. मला रडू आलं. त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला, मग त्यानं तो खिशात घातला.

"घरी चल, कॉफी करते."

"नको. भाऊ वाट बघत असेल." तो गेला.

मी तशीच दगडवाल्याकडे गेले. आधी ठरलेले पैसे मोजून दिले, मग चिठ्ठी पुढं केली. त्यानं काट बघितली, कागदावर आकडेमोड केली.

"तारखा गेल्या म्हणजे बाई, तुमचे थोडे पैसे परत निघतात. कोरण्याचे पैसे अक्षरावर असतात ना. चेक कुणाच्या नावानं काढू?"

"दोघांच्या," मी म्हणाले. "मधे 'आणि' घाला."