बारा खोकी

वीस वर्षं दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला फोन वाजायचा, आणि ऑर्डर टेबलावरच्या बाई हातातलं काम टाकून तो उचलायच्या. पलीकडे असायचे दूरच्या एका रुग्णालयाचे भांडारप्रमुख. बाई त्यांना भाऊ म्हणत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. "ताई, बारा पाठवा," म्हणून भाऊ घरच्या गोष्टींवर येत. वहिनींचं डायलिसिस, त्यांनी कुंडीत लावलेली मिरची, सगळं बाईंना तोंडपाठ. बारा म्हणजे डायलिसिसच्या फिल्टरची बारा खोकी, एकेका खोक्यात वीस. 'खोकी' हा शब्द मात्र दोघांनी कधी उच्चारला नाही. गरजच काय? सुटे फिल्टर कोण मागवतो!

मग कंपनीत ऑर्डरींसाठी नवं मानक आलं. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांनी एकाच ठरलेल्या साच्यात परस्पर बोलायचं, माणसाने मध्ये तोंड घालायचं नाही. चांगलीच गोष्ट आहे, नाही कोण म्हणतं? पण साच्यातला एकही रकाना कोरा चालत नाही, आणि भाऊंच्या ऑर्डरीत मापाचा रकाना वीस वर्षं कोराच. जुन्या ऑर्डरी साच्यात बसवायचा तक्ता भरताना बाईंचं घोडं तिथे अडलं. त्यांनी मापांच्या यादीतला पहिला शब्द टाकला, 'नग', आणि पुढे गेल्या. तीनशे ओळी भरायच्या होत्या.

वर भाऊंना बजावलं, "आता फोनची कटकट नको हो. 'स्वीकृत' असं उत्तर आलं की काम फत्ते समजा."

भाऊंनी ऐकलं, तिथेच घात झाला.

त्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी दहाला फोन वाजला. बाई हसतच म्हणाल्या, "काय भाऊ, राहवलं नाही ना?"

"ताई, बारा फिल्टर आले. सुटे. मला वाटलं, बाकीचे मागून येतील. पुन्हा ऑर्डर टाकली, 'स्वीकृत' आलं, आणि पुन्हा बाराच आले. शेजारच्या गावच्या रुग्णालयातून उसने आणले, तेही संपले."

बाईंना तक्त्यातला तो 'नग' आठवला. हे कुणी केलं, ते त्यांना शोधावं लागलं नाही. मेलं ते 'स्वीकृत'! साचा नीट भरलाय एवढंच ते सांगतं. आत काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

"भाऊ, चूक माझी आहे. 'खोकी'ऐवजी 'नग' मी भरलं," त्या म्हणाल्या. "पण मग रुग्णांचं?"

"दुसऱ्या खेपेचे बारा जास्त अत्यवस्थ होते त्यांना दिले. बाकीच्यांना थांबवलं."

"आणि वहिनी?"

"तिचा नंबर तेरावा होता. भांडाराची किल्ली माझ्याकडे आहे म्हणून घरच्या माणसाला पुढे घालू?"

"आता कशा आहेत त्या?"

भाऊ म्हणाले, "ताई, आधी गाडी भरा."

बाईंनी गाडी भरून घेतली, पण फाटकावर पहारेकरी आडवा आला. चिठ्ठी कॉम्प्युटरचीच हवी, आणि कॉम्प्युटर बारा नगांपुढे जाईना. तक्ता बदलायचा तर समितीची मंजुरी पाहिजे, आणि समिती बसणार शुक्रवारी. बाईंनी कोऱ्या कागदावर लिहिलं, 'बारा खोकी. जबाबदारी माझी', आणि खाली सही ठोकली.

"बाई, नोकरीवर गदा येईल," पहारेकरी हळूच म्हणाला.

"येऊ दे. तू दांडा वर कर."

त्याने केला. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि दोन तास हातातला कागद घट्ट धरून राहिल्या. वहिनींना काय तोंड दाखवायचं, हे त्यांना काही केल्या सुचेना.

रुग्णालयाच्या मागच्या दारात एक वाकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. "ताई ना?" तो म्हणाला, आणि आवाजावरून बाईंनी ओळखलं. भाऊंनी एकेका खोक्याला हात लावून बारा मोजली आणि बाईंच्या कागदावर 'मिळाली' असं लिहिलं.

"वहिनी कुठल्या खोलीत आहेत? मला त्यांची माफी मागायचीय."

"ती गेली, ताई. आज सकाळी साडेआठला."

बाईंनी मनाशी हिशेब केला. साडेआठला. म्हणजे फोन आला तेव्हा... "अहो भाऊ, मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमचे हातपाय गळाले असते," भाऊ म्हणाले. "आत अजून अठरा जण बसलेत."

त्यांनी वाकून पहिल्या खोक्याला हात घातला. एकट्याला ते उचलेना.

"ती बाजू धरा, ताई."

बाईंनी डोळे पुसले आणि खोकं धरलं.