कार्डाला जामीन कोण?

“फोटो दोन आनल्यात. सातबारा हाय, लाइट बिल हाय. अजून काय लागल तं सांग, घरशी फोन करतो,” असं म्हणत केसरीनाथशेठ खुर्चीत बसले आणि पिशवीतली प्लास्टिकची फाइल त्यांनी टेबलावर ठेवली.

टेबलापलीकडच्या, बँकेतल्या हेमाली मॅडमने आधी फाइलकडे पाहिलं, मग शेठकडे, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत होते.

“सर, तुम्हाला लोन पाहिजे का?”

“मना कशाला लोन? ही मंदा. हिला कार्ड पायजे, ते उधारीचं. मी हिचा जामीन.”

माझी आई त्यांच्या मागे उभी होती. शेजारची खुर्ची रिकामी होती, तरी उभीच. अंगावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नेसते ती पांढरी साडी, हातात आधार कार्ड आणि चेहऱ्यावर सगळी तयारी नीट करून आल्याचं समाधान.

मला मात्र वाटलं, उठावं आणि सरळ नारपोली नाक्यावरून रिक्षा धरावी. कारण हे कार्ड मी आईला घ्यायला लावत होते, ते याच माणसाच्या दारात तिने पुन्हा कधी जाऊ नये म्हणून. आणि ती त्यालाच बरोबर घेऊन आली होती.

शेठ म्हणजे आमच्या राहनाळ गावातले मोठे जमीनवाले. पूर्वी त्यांच्या शेतात भात व्हायचा, आता गोदामं उभी आहेत. त्यातल्याच एका गोदामात माझी आई पॅकिंग करते. मिक्सर, कुकर, पंखे, जे येईल ते खोक्यात घालायचं, पट्टी मारायची, वर कुणाच्या तरी नावाचं लेबल चिकटवायचं. दिवसाला तीनशे खोकी तिच्या हातावरून जातात.

माझे बाबा, बाळाराम, रिक्षा चालवायचे. ती रिक्षा घ्यायला बँकेचं कर्ज काढलं तेव्हा शेठ जामीन राहिले. बाबांनी सगळे हप्ते फेडले. पण शेठची सही काही फिटली नाही. त्यांच्याकडे लग्नाची हळद असली की आई तांदळाच्या भाकऱ्या थापायला जायची, चारशे, पाचशे. कुणी बोलवायचं नाही आणि कुणी पैसेही द्यायचं नाही. “जामीन राह्यलेत आपल्याला,” एवढंच ती म्हणायची. कर्ज संपून बारा वर्षं झाली, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती जातच होती. बाबांच्या आजारपणात दवाखान्याने आधी पैसे भरा म्हणून सांगितलं, तेव्हाही ती शेठच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली होती. शेठनी डॉक्टरांना फोन केला. काम झालं. पण तिचं ते उभं राहणं माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

आता मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझ्याकडे कार्ड आहे. पण ते आईला चालत नाही. लेकीच्या जिवावर उधारी करायची नाही, हा तिचा कायदा. म्हणून आदल्या संध्याकाळी मी तिच्यापुढे मोबाइल धरला. तिचा पगार ज्या बँकेत येतो, त्याच बँकेची तीन कार्डं होती.

“हे काळं. ह्याच्यावर विमानतळावर फुकट जेवायला मिळतं.”

“आन् विमानतळावर जायला?”

“ते आपल्या पैशाने.”

“मंग राहू दे. पुढचं?”

“हे पेट्रोलवर सूट देतं.”

“मी गोदामात चालत जाते.”

“आणि हे तिसरं. ह्याच्यावर काही खास नाही. वर्षाची फी नाही, मर्यादा तीस हजार.”

“कायच न्हाय?”

“काहीच नाही.”

“मंग हेच,” आई म्हणाली. इतकी शहाणी निवड माझ्या लॅबमधल्या एकानेही केलेली नाही. माझ्याकडे ते काळं कार्ड आहे, वर्षाला फी जाते आणि मी अजून विमान जवळून पाहिलेलं नाही.

मग मी तिला शिकवायला बसले. बिल आलं की तारखेच्या आत पूर्ण भरायचं. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून एक छोटा आकडा लिहिलेला असतो, त्याच्या नादी लागायचं नाही. कार्ड एटीएममध्ये घालून रोख काढायची नाही. फोनवर कुणी नंबर विचारला तर सांगायचा नाही.

“बचत गटाचा मंगळवारचा हप्ता चुकला तं बाया दारात येऊन बोलतात,” आई म्हणाली. “हितं कोन बोलनार?”

“इथं व्याज बोलतं.”

हे तिला पटलं. मग ती म्हणाली, “जामीन कोन?”

“जामीन लागत नाही, आई.”

ती माझ्याकडे बघून हसली. शाळा शिकलेल्या पोरीला जगातलं कळत नाही म्हणून आया जशा हसतात, तशी. विषय संपला असं मी समजले. आणि ही सकाळी सहा वाजता, तोंड धुऊन, शेठच्या ओट्यावर हजर. शेठ काय, लगेच तयार. जामीन राहायचं म्हटलं की त्यांना लग्नाचं आमंत्रण आल्याचा आनंद होतो.

तर असे आम्ही तिघं त्या टेबलाशी होतो.

“ताई, तुम्ही बसा आधी,” हेमाली मॅडम आईला म्हणाली. ती माझ्याच वयाची असेल. “आणि सर, कार्डाला जामीनदार नसतो.”

“नसतो म्हंजे?” शेठ म्हणाले.

“म्हणजे लागतच नाही. ताईंचं नाव, त्यांचा पगार, त्यांचा रेकॉर्ड. बस.”

आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. ती पुढे झुकली आणि हळूच विचारलं, “मंग तुमी देताव कोनाच्या भरवशावर?”

“तुमच्याच.”

आईने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. मॅडम दुसऱ्याच कुणाला तरी सांगते आहे असं तिला वाटलं असणार. मागे पाण्याचा कूलर होता.

“माझ्या?”

“हो. हे बघा ना.” मॅडमने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. “तुम्ही बचत गटातून पाच वेळा लोन घेतलंय. बरोबर?”

पाच. शिलाई मशीन, घरावरचे पत्रे, माझ्या कॉलेजची फी, बाबांचं आजारपण, फ्रिज. मॅडमला कारणं दिसत नव्हती, नुसत्या तारखा दिसत होत्या. पण आई बोटांवर मोजत पुटपुटत होती, ती कारणंच होती.

“आणि ही प्रत्येक महिन्याची चौकट.”

स्क्रीनवर बारीक बारीक चौकटी होत्या, ओळींवर ओळी. आई वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरला.

“समद्यात शून्यच?” ती मला म्हणाली. “एक पन मार्क न्हाय?”

मॅडम हसली नाही, याबद्दल मी तिची आयुष्यभर आभारी राहीन. “ताई, शून्य म्हणजे शून्य दिवस उशीर. एकदाही उशीर नाही. इतकी वर्षं, एकदाही नाही. माझ्या स्वतःच्या रेकॉर्डला दोन डाग आहेत.”

आईने पदराने हात पुसले आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बोट धरलं, काचेला न लावता. वर्षांवरून ते बोट हळूहळू खाली आलं.

“दोन हजार एकोनीसचा मार्च कुठला?”

मॅडमने दाखवला. तिथेही शून्य.

तो मंगळवार मला पाठ आहे. बाबांना जाऊन तिसरा दिवस होता. घरात माणसं बसलेली होती. आईने मला आत बोलावलं, तांदळाच्या डब्यातून पैसे काढले आणि गटाच्या बाईकडे देऊन यायला सांगितलं. मी तिच्या अंगावर ओरडले होते. आज तरी राहू दे, एवढी कसली घाई, कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली होती, “मी न्हाय दिले तं नऊ बायांना भरावं लागंल.” मी गेले, पण त्या दिवशी मला माझी आई दगडाची वाटली होती. कितीतरी दिवस वाटत होती.

आणि इथे, भिवंडीतल्या एका बँकेत, काचेमागे ते एक शून्य ठेवलेलं होतं. कुणालाही न सांगता, कुणीही न मागता, कुठल्या तरी यंत्राने सहा वर्षं जपलेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवळात, विहारात, कुठेही मला असं कधी झालेलं नाही. मला रडूही आलं, ते मी खोकल्यावर निभावून नेलं.

“हे समदं लिवलेलं ऱ्हातं?” आईने विचारलं.

“सगळं.”

“मना माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःशीच, “मना माहीतच नव्हतं गं.” आणि ती पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसली.

पाच मिनिटांत काम झालं. मोबाइलवर आलेला नंबर आईने सांगितला, मॅडमने नाव तपासलं, झालं. कार्ड आठवड्याभरात घरी येणार. नाव मंदा बाळाराम जाधव.

  मग शेठनी फाइल पुढे सरकवली.

“मनापन एक काढ गो पोरी. ते काळं काढ, विमानतळवालं. हिला तीस हजार देतेस, मना तीन लाख दे. माझी चार गोदामं हायेत.”

“देते ना सर.” मॅडमने त्यांचे आधार-पॅनचे नंबर घेतले, टाइप केलं, थांबली. पुन्हा टाइप केलं. आवाज खाली आणून म्हणाली, “सॉरी सर. सिस्टीम घेत नाहीये.”

“तुजी सिस्टीम बिघडली आसंल.”

“नाही सर.” ती जरा घुटमळली. “तुम्ही कुणाकुणाला जामीन राहिला होतात का?”

शेठनी टेबलावर ठेवलेला हात मागे घेतला. माणूस मोठ्याने बोलायचा थांबला की केवढा लहान दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं.

“ऱ्हायलो ना. गावातला मानूस दारात आला तं काय बोलायचं?” ते बोटांवर मोजू लागले. “दाजीचा टेम्पो. विपुलचा कापडाचा लूम. भाच्याचं हॉटेल. तो रिक्षावाला, गाव सोडून गेला तो. नऊ जन असतील. कोनी भरलं, कोनी न्हाय भरलं.”

“ज्यांनी नाही भरलं ते सगळं तुमच्या नावावर लागलंय, सर. त्यातली तीन कर्जं अजून फिटलेली नाहीत.”

“आन् बालारामचा?”

मॅडमने खाली सरकवत शोधलं. “हा क्लीन आहे. वेळेआधी बंद.”

“हां,” शेठ म्हणाले. “तो शेवटचा हप्ता भरून पेढे घेऊन आलता. तो एकलाच आलता.”

मला शेठ आवडत नसत. आजही फार आवडतात असं नाही, त्या भाकऱ्या मी विसरलेले नाही. पण नऊ माणसं दारात आली आणि या माणसाने नऊही वेळा सही केली, हेही खरं होतं. आणि ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. त्या सह्यांचा तोरा दिसला, भार कधी दिसला नाही. ते आता फाइल पिशवीत घालत होते आणि ती नीट जात नव्हती.

“मॅडम,” आई म्हणाली.

तिचा आवाज वेगळा होता. गोदामात लेबल चुकलं की ती सुपरवायझरला असाच आवाज देते, असं तिथल्या बायका सांगतात.

“माझा रेकॉर्ड चांगला हाय ना?”

“एकदम चांगला.”

“मंग शेठचं कार्ड करा. मी जामीन ऱ्हाते.”

मॅडमचे हात थांबले. शेठनी मान वर केली, पण आईकडे बघायचं त्यांना जमलं नाही, ते मॅडमकडेच बघत राहिले.

“ताई, तसा फॉर्म नसतो हो. कार्डाला जामीन नसतो, आत्ताच सांगितलं ना.”

“त्ये माझ्या कार्डाला. शेठच्या कार्डाला लागतोय ना? मंग घ्या माझी सही. फॉर्म नसंल तं साध्या कागदावर घ्या.”

“आई,” मी म्हणाले.

तिने मला हाताने गप्प केलं. मॅडमच्या प्रिंटरच्या ट्रेमधला वरचा पांढरा कागद उचलला, टेबलावरचं पेन घेतलं आणि कागद शेठच्या पिशवीशेजारी सरळ करून ठेवला. कोऱ्या कागदावर कधी सही करायची नाही, हे मी तिला शंभरदा बजावलेलं आहे. मी अडवलं नाही. तिने खाली वाकून, एकेक अक्षर वेगळं काढत, पूर्ण नाव लिहिलं. मग कागद शेठपुढे सरकवला.

शेठनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि तो कागद दोनदा वाचला. त्यावर आईच्या नावाशिवाय काहीच नव्हतं.