पंचफुलेचा बधिर गाल

डोमाजी महाराजाने दाभण पंचफुलेच्या उजव्या गालात खुपसलं आणि अंगणातल्या शंभरेक माणसांनी हात जोडले. कापसाची पोती शिवायचं दाभण ते. पंचफुलेची पापणीसुद्धा हलली नाही.

“पाहा!” डोमाजी गरजला. “काटा टोचला तं मानूस बोंबलते. इथं दाभण घुसलं, तरी माय शांत! काऊन? तं आत पंचफुला नाहीच. आत भवानी बसली हाये!”

१९८८ साल होतं. बेला या बाजारगावाजवळच्या एका गावात दर मंगळवारी हा खेळ चालायचा. नवरा चंपतराव शेजारी दक्षिणेचं ताट घेऊन बसायचा. बायकोला लाथेने उठवणारा हा माणूस आता लोकांना तिच्या पाया पडायला रांगेत उभं करत होता.

गाल कधी मेला ते पंचफुलेला ठाऊक होतं. बैलांना पेंड घालायला उशीर झाला म्हणून चंपतरावाने तिच्या डोळ्याखाली बुक्की हाणली होती. दोन दिवसांनी डोमाजी नजर उतरवायला आला, त्याने गालाला अंगारा चोळला. “मले गालाले काईच समजून नाही राह्यलं,” ती म्हणाली आणि डोमाजीचे डोळे चमकले. बैलाचं शिंग लागलं असं सांगायचं, हे चंपतरावाने आणि डोमाजीने ठरवलं. तिला कोणी विचारलं नाही. पुढे पुढे तिलाच वाटू लागलं, देवी नसेल तर आपला गाल गेला कुठे?

दाभणाच्या भोकात पू झाला. ताप चढला. भेटायला आलेल्या आईने, मनकर्णाबाईने, लेकीचं सुजलेलं तोंड पाहिलं आणि तिला थेट बेल्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर सुधाकररावांनी जखम धुतली. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा चेहऱ्यावरून फिरवला. उजवी खालची पापणी, नाकाची कड, गाल, वरचा ओठ, तिथे तिला काहीच कळेना. उजवीकडच्या वरच्या दातांवर त्यांनी चमच्याने टकटक केलं. तेही मुके. पण बोळा नाकाची मधली रेषा ओलांडून डावीकडे गेला, तशी ती दचकली.

“देवी येते आणि बरोबर अर्ध्या नाकावर थांबते?” डॉक्टर म्हणाले. त्यांनी डोळ्याखालचं हाड हलकेच चाचपलं. कड एका जागी खचलेली होती. “इथे हाडाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक असतं. त्यातून एक नस बाहेर येते. स्पर्श, दुखणं, गरम-गार, सगळं ती मेंदूला कळवते. हाड मोडलं, नस चेपली, म्हणून गाल बधिर. गाल हलवणारी नस वेगळी, म्हणून तुम्हाला हसता येतं. दाताचे डॉक्टर याच नसेजवळ सुई देऊन दात बधिर करतात. मग त्या रोग्यांच्या अंगात भवानी येते का? जखमेचं विष वर डोळ्याकडे गेलं असतं, तर डोळा गेला असता, जीवही गेला असता. तुम्हाला कोणी मारलं?”

पंचफुलेने आईकडे पाहिलं. “नवऱ्यानं,” ती म्हणाली.

ताप उतरल्यावरच्या मंगळवारी ती आईला घेऊन गर्दीसमोर उभी राहिली. डोमाजीने दाभण उचललं.

“डाव्या गालात टोच,” ती म्हणाली.

“माय कोपली! माय परीक्षा पाहून राह्यली!”

“माय नाही, मी पंचफुला. टोच ना! काऊन थांबला?”

डोमाजी मागे सरला. तिने त्याच्या हातातून दाभण हिसकलं आणि स्वतःच्या डाव्या गालावर टेकवून दाबलं. ती कळवळली. रक्ताचा थेंब ओठापर्यंत आला.

“दुखते! हा गाल जिता हाये. उजवा या चंपतरावानं मारला. हाड मोडलं, आतली नस चेपली. देवी-फिवी काई नाही!”

चंपतराव ताट टाकून उठला, पण मनकर्णाबाई मध्ये उभी राहिली. डोमाजी माणसांतून वाट काढत निसटला.

शेजारची वच्छलाबाई खालमानेने म्हणाली, “त्या राती तुयं वरडनं आमी आयकलं होतं वं.”

“तं मंग मंगळवारी हात कायले जोडत होत्या?”

पंचफुला आईबरोबर माहेरी जायला बैलगाडीत बसली.

वाचणाऱ्यांनो, बधिर अंगात देव शोधू नका. डॉक्टर शोधा. आणि बाईच्या तोंडावर वळ दिसला, तर नारळ फोडण्याआधी तिला विचारा, तुला कोणी मारलं?