गाळाचे दोन पट्टे

पुलाच्या खांबावरची पाण्याची उंची मोजायची पट्टी वाचण्यात बाबांची सदतीस वर्षं गेली. एरवी दिवसातून तीनदा, पुराच्या दिवसांत तासातासाला. सगळे त्यांना पट्टीवालेच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी चढावर घर बांधलं, आपल्या नोंदींतल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा दोन पुरुष उंच. "पट्टीवाले राहतात तिथे कसलं पाणी येतंय!" म्हणत आणखी चाळीस घरं शेजारी उभी राहिली.

त्यांची थोरली मुलगी जमिनीतून जुन्या पुरांचा माग काढायची. सुट्टीत माहेरी आली तेव्हा परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला होता. ती सहज डोकावली आणि तशीच खड्ड्यात उतरली. तांबड्या मातीत दोन फिकट पट्टे होते. तिने चिमूटभर माती बोटांत चुरली. नदीचा गाळ.

"बाबा, पाणी इथवर आलंय. दोनदा."

"कधी? माझ्या नोंदीत नाही."

"तुमच्या नोंदींच्या कितीतरी आधी."

बाबा घरात गेले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

गाळात सापडलेल्या कोळशाचं वय प्रयोगशाळेत तपासून घेतलं. वरचा पट्टा साधारण तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला, खालचा सातशे. नदीकाठच्या कपारींतही त्याच उंचीवर तसाच गाळ सापडला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. ते कागद घेऊन ती पूर-इशारा कचेरीत गेली.

"तीनशे वर्षांपूर्वीच्या पाण्यासाठी आज लोकांना उठवू?" साहेब हसले.

"जे दोनदा आलं, ते तिसऱ्यांदाही येईल."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, पुलाजवळ पाणी अमुक आकड्याला पोचलं की चढावरचीही घरं रिकामी करायची.

दुसऱ्याच वर्षी वरच्या खोऱ्यात तीन दिवस पाऊस कोसळला. सकाळी दहाला पाण्याने तो आकडा गाठला. कचेरीच्या माणसांना कुणी दाद देईना, तेव्हा बाबा छत्री घेऊन स्वतः दारोदार फिरले.

"मी चुकलो होतो. उठा, शाळेत चला."

शेजारच्या शिवणवाल्या काकूंचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले. काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भरवशावर इथे घर बांधलं, आणि आता तुम्हीच उठा म्हणता?" पण उठल्या. चौघांनी खाट उचलून भर पावसात टेकडीवरच्या शाळेत नेली. पावसाची बातमी ऐकून आलेल्या थोरलीने एका बाजूने खाटेवर ताडपत्री धरली होती.

पाणी सगळ्यांत खालच्या घराच्या पायरीपासून हातभर अंतरावर थांबलं आणि ओसरू लागलं. चढावरच्या एकाही घरात शिरलं नाही. काकूंच्या यजमानांना मात्र त्या ओलाव्यात धाप लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, शाळेच्या वर्गातच, ते गेले.

"घरात असते तर जगले असते," काकू म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. बाबा खाली मान घालून उभे होते.

आठवड्याने कचेरीतून फोन आला. लोक चिडलेत, आकडा थोडा वाढवू या का, साहेब विचारत होते. ताडपत्रीतून ठिबकणारं पाणी थोरलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिने फोनवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं.

"आकडा आहे तोच राहू दे म्हणावं."

"बाबा, पुढच्या वेळी कुणी उठणार नाही."

"ठाऊक आहे. अगं, हातभरच तर राहिलं होतं."

तिने साहेबांना तसं सांगितलं. मग फोन ठेवला.

बाबांनी चपला घातल्या. काकूंचं दार आठ दिवस त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं. त्या दिवशीही उघडलं नाही. शिवणयंत्राचा आवाज तेवढा आतून येत होता. ते ओट्यावर बसले. थोड्या वेळाने थोरलीही त्यांच्या शेजारी जाऊन बसली.