आठव्या दिवसाचा शिक्का

१४ मार्च २०१९, गुरुवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. गाबेस शहरात, न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या खोलीबाहेर शलबिया सून वसीलाच्या शेजारी बसली होती. मांडीवरच्या पिशवीत सात कागद होते आणि त्यांतला एकच तिला छळत होता: वसीलाचे बाळंतपणाचे कार्ड.

वसीला नेहमीप्रमाणे दाराजवळची खुर्ची पाहून, टेकली न टेकली अशी बसली होती. दोन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात चिमटा लावून तिला मुलगी झाली. वरवर टाके पडले. आत फाटलेला स्नायू कोणी पाहिलाच नाही. तेव्हापासून शौचावर ताबा राहिला नव्हता. लग्नकार्याला जाणे सुटले. वजू, म्हणजे नमाजाआधीची शुद्धी, टिकत नाही म्हणून नमाजही सुटली. पुढे स्फाक्स शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी दहा मिनिटांत दोष ओळखला. शस्त्रक्रियेसाठी आणि वाया गेलेल्या दिवसांसाठी भरपाई मिळावी, म्हणून हा दावा.

अडचण कार्डाची होती. आठव्या दिवसाच्या रकान्यात शिक्का होता: 'तपासले. जखम भरली. तक्रार नाही.' दवाखाना त्यावरच बोट ठेवून म्हणत होता, की तेव्हा बाई धडधाकट होती. पुढचे आम्हाला विचारू नका.

वास्तविक वसीला त्या दिवशी गेलीच नव्हती. चाळीस दिवस बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही. बाळ, कार्ड आणि दवाखान्यातल्या सुईणीसाठी तीळ-मधाच्या ज़रीरचा वाडगा घेऊन शलबियाच गेली होती.

"सून कशी आहे?" बोट चाटत सुईणीने विचारले होते.

"अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे."

कोणी विचारले तर माणूस दुसरे काय म्हणते? शिक्का उमटला.

"वकीलबाई, हे आत सांगू की नको?" शलबियाने विचारले.

त्यांची वकील दुर्रा चष्मा पुसत म्हणाली, "सांगितलंत तर शिक्का खोटा ठरतो, ते आपल्या फायद्याचं. पण मग ते म्हणतील, बोलावूनही पेशंट आली नाही, चूक तिचीच."

"म्हणजे नको?"

"नाही सांगितलंत तर शिक्का खरा राहतो."

"म्हणजे सांगू?"

"काय बोलायचं ते मी शिकवू शकत नाही, खाला."

"एवढं शिकून हेच? आमचा गाडीवाला निदान डावीकडे की उजवीकडे तेवढं तरी सांगतो."

वसीलाला हसू आले आणि लगेच ती घाबरून सावरून बसली. "उम्मी, तुम्ही गप्पच राहा. तुमचं नाव कशाला कागदावर?"

शलबियाचा गोंधळ आणखी वाढला. गप्प राहणे सुनेच्या भल्याचे, की आपल्या?

आत तज्ज्ञांनी वसीलाला विचारले, "आठव्या दिवशी तुम्हाला कोणी तपासलं?"

वसीला जमिनीकडे पाहत राहिली. ती सासूचे नाव झाकत होती, हे शलबियाला कळले. बाकी काहीच कळले नाही.

"कोणीच नाही, डॉक्टरसाहेब," शलबिया म्हणाली. "मी गेले होते. हिला मीच घरात ठेवलं होतं."

दवाखान्याचा वकील तत्परतेने पुढे झुकला. "लिहून घ्या. पेशंट हजर नव्हती."

"घेतो," तज्ज्ञ म्हणाले. "मग न पाहिलेली जखम भरली, हे कोणी लिहिलं?"

वकील कागद चाळू लागला आणि बराच वेळ चाळत राहिला.

बाहेर येताच शलबियाने दुर्राची बाही धरली. "बरं झालं की वाईट?"

"दोन्ही, खाला."

सात महिन्यांनी निकाल लागला. नुकसान साठ हजार दिनारांचे धरले होते. त्यातून तपासणीला न गेल्याबद्दल चौथा हिस्सा वजा.

"ते पंधरा हजार माझ्यामुळे गेले," शलबिया म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "की उरलेले माझ्यामुळे आले?"

वसीलाने कागद पुन्हा वाचला. त्याबद्दल त्यात काही नव्हते. शेवटच्या ओळीत एवढेच होते: मंजूर भरपाई, ४५,००० दिनार.