त्या दिवशीची हवा

कोतोएच्या आजोबांचं सातवं श्राद्ध झालं, त्या सालची ही गोष्ट. माणूस गेला ते वर्ष पहिलं धरायचं, म्हणजे आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हा अकराची असलेली कोतोए आता सतराची झाली होती.

बेटावरच्या एकुलत्या हायस्कुलात ती शेवटच्या वर्षाला होती. वर्गात एकोणीस मुलं. डॉक्टर व्हायचं म्हणणारी ती एकटीच. प्रांताच्या वैद्यकीय महाविद्यालयात दूरच्या गावांतल्या मुलांसाठी काही जागा राखलेल्या असत. अट अशी, की शिकून झाल्यावर नऊ वर्षं प्रांतातच, नेमतील त्या दवाखान्यात काम करायचं. मात्र अर्ज पुढे जायचा तर आधी गावच्या नगराध्यक्षांनी मुलाखत घेऊन शिफारसपत्रावर शिक्का मारायला हवा. तो नसेल तर अर्ज बेटाबाहेरच जायचा नाही. आणि राखीव जागा सोडून, साध्या परीक्षेतून आत शिरावं इतके गुण कोतोएला पडत नव्हते. गणितात ती दर वेळी वीसेक गुणांनी मागे राही.

तिची तयारी होरिए सर करून घेत. ते मुख्य भूमीवरून बदलीवर आलेले, बेटावर त्यांचं तिसरं वर्ष. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात सर खुर्ची टाकून बसत आणि कोतोएनं दार वाजवून आत यायचं.

"दोनदा वाजवलंस," सर म्हणत. "दोनदा संडासाचं दार वाजवतात. आत कुणी आहे का बघायला. मुलाखतीला तीनदा. जा, परत ये."

ती बाहेर जाऊन परत येई. वाकायचं किती, बसायचं कधी, हात कुठे ठेवायचे, सगळं ठरलेलं. त्यात ती लवकर तयार झाली. अडलं ते कागदापाशी. 'मला डॉक्टर का व्हायचं आहे' हे आठशे अक्षरांत लिहायचं होतं. तिनं तीनदा लिहिलं आणि सरांनी तीनदा परत दिलं.

"हे कुणीही लिहील," सर म्हणाले. "समाजाची सेवा, बेटाचं ऋण. तुझ्या घरात काही घडलंय की नाही?"

"आजोबा गेले. पोटात रक्तस्राव होऊन."

"कधी?"

"सहावीत होते मी. सप्टेंबरात."

सरांनी लाल पेन्सिल उचलली. "सप्टेंबर म्हणजे वादळाचे दिवस. हेलिकॉप्टर येऊ शकलं नसेल."

कोतोएनं वही उघडून पेन घेतलं. सरांनी समासात लिहिलं: वादळ, हेलिकॉप्टर नाही, असहाय नात. दुसऱ्या दिवशी तिनं त्यावरून आठशे अक्षरं लिहिली. सरांनी वाचून मान डोलावली आणि कागद नगरपालिकेत पोचता केला. तेव्हा ऑगस्ट संपत आला होता.

सात सप्टेंबरला, शनिवारी, श्राद्ध झालं. भटजींनी मंत्र म्हटले, एकेकानं पुढे होऊन उदबत्तीची पूड निखाऱ्यावर टाकली. काळ्या कपड्यांतल्या माणसांत नगराध्यक्ष मुराओही होते. निवडून यायच्या आधी तीस वर्षं ते आजोबांच्या होडीवर होते, त्यामुळे त्यांना वेगळं बोलवावं लागत नसे.

जेवणं सुरू झाली. साकेचे दोन पेले पोटात गेल्यावर म्हातारे नेहमीसारखे हवेवर आले. कोळ्याला बायकोचा वाढदिवस आठवणार नाही, पण कुठल्या दिवशी वारा कुठून होता ते विचारा.

"एइजिरो गेला त्या दिवशी समुद्र कसा होता, सांगा," एक म्हणाला.

"तेल ओतल्यासारखा. मी पहाटे सतरा खोकी माकूल आणली होती."

"सतरा? मागल्या श्राद्धाला बारा होती."

"पुढल्या श्राद्धाला पंचवीस होतील," कोतोएची आजी फुसा वाढता वाढता म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या जिवावर मासळी वाढवताय होय रे?"

सगळे हसले. "पण वहिनी, हेलिकॉप्टर कसं अलगद उतरलं," तो म्हातारा म्हणाला. "शाळेच्या मैदानात. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती."

कोतोएच्या हातातली सुपाची वाटी तशीच राहिली. तिनं मुराओंकडे पाहिलं. ते मुळ्याचं लोणचं खात होते. निघताना दारात बूट चढवत ते म्हणाले, "सोमवारी दहा वाजता ये. छत्री लागायची नाही. हवा चांगली आहे."

रविवारी ती होरिए सरांच्या खोलीवर गेली. सरांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. "मला सांगायचं नाही का तेव्हाच?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "कागद परत मागितलास तर आणखी वाईट दिसेल. विचारलंच तर म्हण, लहान होते, नीट आठवत नाही."

पण कोतोएला नीट आठवत होतं.

संध्याकाळी आजी श्राद्धाची ताटं पुसून खोक्यात भरत होती. कोतोए तिच्या शेजारी फडकं घेऊन बसली.

"आजी, आजोबांना जायच्या तीन आठवडे आधी रक्ताची उलटी झाली होती. धक्क्यावर. काळी काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी. मी बघितली. त्यांनी माझ्याकडून बादलीभर पाणी ओतवून घेतलं आणि म्हणाले, आजीला सांगू नकोस, माकूलाचा हंगाम संपला की मी जातो दवाखान्यात."

आजीनं ताट पुसून खाली ठेवलं, दुसरं उचललं.

"त्यांचे कपडे कोण धूत होतं?" ती म्हणाली.

"मग तू का नाही बोललीस?"

"बोलले. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी कपडे स्वतःच धुवायला घेतले." आजीनं ताट उजेडात धरून पाहिलं. "ते फडकं ओलं झालंय. दुसरं घे."

सोमवारी कोतोएनं नगराध्यक्षांच्या दारावर तीनदा टकटक केली. बरोबर वाकली, सांगितल्यावर बसली. मुराओंच्या पुढ्यात तिचा कागद होता. बाजूला शिक्का आणि लाल शाईची डबी. डबीचं झाकण बंद होतं.

"चांगलं लिहिलंयस," मुराओ म्हणाले. "वाचून माझी बायको रडली. मी म्हटलं, अगं, त्या दिवशी तू गोधड्या वाळत घातल्या होत्यास."

"वादळ नव्हतं," कोतोए म्हणाली. "मला माहीत होतं. तरी लिहिलं."

"कुणी सांगितलं लिहायला?"

"लिहिलं मीच."

"मग खरं काय?"

तिनं सांगितलं. धक्का, बादली, तीन आठवडे. "दवाखाना घरापासून सात मिनिटांवर होता. डॉक्टर रोज बसत होते. हेलिकॉप्टर चाळीस मिनिटांत आलं. सगळं वेळेवर होतं. आजोबा दवाखान्यात गेले नाहीत आणि मी सांगितलं नाही."

मुराओ बराच वेळ खिडकीतून बंदराकडे बघत राहिले. ते गहिवरले वगैरे नव्हते. हवा बघायची त्यांना सवय होती.

"तुझा आजा हट्टी होता. इथे सगळेच तसले. मीही. गेल्या वर्षीपासून माझा गुडघा सुजतोय, मी कुणाला दाखवलाय? तू डॉक्टर होऊन इथे येऊन बसशील, आणि आम्ही यायचोच नाही. मग काय करशील?"

असा प्रश्न होरिए सरांनी कधी घेतला नव्हता. हात मांडीवर ठेवायचे हे विसरून कोतोएनं गुडघा खाजवला.

"घरातल्या पोरांना विचारीन," ती म्हणाली. "त्यांना माहीत असतं."

मुराओंनी कागद उचलून तिच्यापुढे सरकवला.

"खोट्या हवेवर मी शिक्का मारणार नाही. चौकशी झाली तर सगळं बेट हसेल मला. टपालाची बोट पाच वाजता सुटते. नवीन लिहून आण. मग मारायचा की नाही ते वाचून ठरवीन."

ती शाळेत गेली नाही. नगरपालिकेच्या बाहेर, बोटीची वाट पाहणाऱ्यांच्या बाकावर बसून तिनं लिहिलं. आठशे अक्षरं भरली नाहीत, साडेसहाशेच झाली. पावणेपाचला मुराओंनी ती उभ्यानं वाचली, डबीचं झाकण काढलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि जोरात दाबला. "जा, पळ," म्हणाले.

डिसेंबरात निकाल लागला. राखीव जागांच्या यादीत तिचं नाव शेवटून दुसरं होतं. होरिए सर पुढल्या वसंतात बदलून गेले. कागदाची एक प्रत नगरपालिकेच्या कपाटात आहे. तिची सुरुवात अशी आहे: माझे आजोबा योकोजी एइजिरो २०१३ सालच्या अकरा सप्टेंबरला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, एकाहत्तराव्या वर्षी वारले.