माझ्यावर बसून तिनं धूमकेतू तोलला

मी एक जुना दांडीचा वजनकाटा आहे. तासगावजवळच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तीस हंगाम मी क्रेट तोलले. ‘भाऊसोंचा काटा म्हणजे काटा!’ असं व्यापारीही म्हणायचे. मग बॅटरीचा काटा आला आणि मी बसायचं स्टूल झालो. चालायचंच!

माझ्यावर बसते ती राजेश्वरी, मालक भाऊसोंची सून. मांडीवर लॅपटॉप घेऊन ती काय करते ठाऊक आहे? धूमकेतूचं वजन काढते! ऐकून माझी दांडीच थरथरली. जो माझ्या पाटावर यायचाच नाही, तो तोलायचा कसा?

ती भाऊसोंना सांगत होती, “मामा, उन्हानं त्याच्या बर्फाची वाफ होते. वाफेच्या धक्क्यानं तो वाटेवरून जरासा ढळतो. हलका असला तर जास्त, जड असला तर कमी. आणि वाफ किती सुटली, ते त्याच्या उजेडावरून काढायचं.”

मित्रांनो, मी थक्कच झालो. हात न लावता वजन!

पण याच विषयावरचा तिचा पीएच.डी.चा प्रबंध दोनदा परत आला होता. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत गेला नाही, तर तीन वर्षांचं काम बाद. आणि उत्तर काय यावं? बर्फाचा गोळा, पण तेवढ्याच आकाराच्या लोखंडाहून जड! मी स्वतः लोखंडाचा; मला तर धक्काच बसला. राजेश्वरी रडकुंडीला आली.

बेदाणा निवडता निवडता भाऊसो म्हणाले, “क्रेटचं वजन वजा केलंस न्हवं?”

“धूमकेतूला कुठलं आलंय क्रेट, मामा?”

“ते मला काय ठावं? पर भरल्यालं क्रेट तोलून समदा बेदाणाच हाय म्हणायचं नसतंय.”

ती ताडकन उठली. तिनं सगळा उजेड वाफेचा धरला होता. त्यात धुळीची चमकही होती! धुळीचा वाटा वजा केला, तशी वाफ कमी भरली, धक्काही कमी; आणि एवढ्याशा धक्क्यानं ढळणारा धूमकेतू तेवढ्याच पाण्याहूनही हलका निघाला. चारला दहा मिनिटं असताना प्रबंध गेला. लॅपटॉप पोटाशी धरून ती धपकन माझ्यावर बसली, पाय वर घेतले आणि हसली.

भाऊसोंनी सवयीनं माझ्या दांडीवरचं वजन सरकवलं. त्यांचा हात थांबला.

“आगं, बेचाळीस किलो? गेल्या पाडव्याला बावन्न भरली हुतीस की!”

ती हसायची थांबली. मला हे रोज कळत होतं, मित्रांनो. पण माझ्या दांडीकडे कुणी बघतच नव्हतं, आणि मला ओरडता येत नाही. दूरचे धूमकेतू जरूर तोला, पण घरात कुणी असं झिजत असेल तर तिकडेही बघत जा.

आणि हो, त्या बेचाळीसात लॅपटॉपही होता. तो अजून वजा व्हायचा होता.